दहा पावलं मागे

४ जानेवारी

ही वही संस्थेची नाही. संस्थेच्या वहीत ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहायचं असतं आणि खाली सही ठोकायची असते. इथे मी मनात येईल ते लिहिणार, म्हणून ती कपाटात स्वेटरखाली ठेवणार. बायकोला ती जागा ठाऊक आहे, पण माझं अक्षर लावायच्या भानगडीत ती पडत नाही.

एकोणीस वर्षं मी न दिसणाऱ्या मुलांना एकट्याने चालायला शिकवतोय. आजवर सगळं संस्थेच्या आवारात. व्हरांडा, जिना, बाग, फाटक. माझा टेलिफोनवाला (आता एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसतो) जिन्यावरून असा धडधडत उतरायचा की डोळस पाहुणे भिंतीला चिकटायचे. आज पहिल्यांदाच आवाराबाहेरचं काम मिळालं. एका मुलीला तिच्या घरापासून तिच्या शाळेपर्यंत एकटीने जायला शिकवायचं. साध्या शाळेत, डोळस मुलांबरोबर, सहावीत आहे. वय अकरा. दिवसभर हुकूम सोडते म्हणून घरात तिला फौजदार म्हणतात.

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करते. एक मार्चपासून तिची पाळी सकाळी सातची होणार. तीनला सुटणार, म्हणजे परत आणायचा प्रश्न नाही. प्रश्न सकाळच्या साडेनऊचा. घरात तिसरं माणूस नाही, ठेवायला परवडत नाही. फेब्रुवारीअखेर मुलगी एकटी जाऊ लागली तर उत्तम, नाहीतर तिला दूरच्या शहरातल्या अंध मुलांच्या वसतिगृहात ठेवायचं, असं तिच्या मामांनी ठरवलंय आणि आईने नाइलाजाने मान डोलावलीय. मामा माणूस वाईट नाहीत. हिशेबी आहेत.

मी आईला म्हणालो, आठ आठवडे म्हणजे चिक्कार झाले. ती म्हणाली, “सर, तुम्ही म्हणताय म्हणजे होईल.” असं कुणी म्हटलं की माझी छाती उगाच दोन इंच फुगते.

६ जानेवारी

रस्ता बघून आलो. गल्लीतून सरळ, उजव्या हाताला भिंत. मग सुताराचं दुकान, रंध्याचा आवाज आणि ओल्या लाकडाचा वास. पुढे कोपऱ्यावर औषधाचं दुकान, त्याच्या काचेच्या दारातून गार हवा अंगावर येते. ती आली की लगेच डावीकडे वळायचं. मग एक छोटा रस्ता ओलांडायचा, पलीकडे शाळेची लांब भिंत आणि तिच्या टोकाला फाटक. अठरा मिनिटं. धोका एकच. औषधाच्या दुकानापाशी वळायचं चुकलं की माणूस सरळ हमरस्त्यावर जातो, आणि तिथे ट्रक धावतात.

म्हणजे सगळी मदार त्या एका डाव्या वळणावर.

११ जानेवारी

पहिला आठवडा शेजारी चालून शिकवलं. काठी खांद्याएवढ्या रुंदीत, डावं पाऊल टाकताना टोक उजवीकडे. फौजदार पटकन उचलते. पावलं मोजू देत नाही तिला, कारण मोजणारं मूल शिंकलं तरी हिशेब चुकतो. खुणा धरायच्या. “सुतारकाका आज आलेले नाहीत,” ती दुकानाच्या दहा हात आधी म्हणाली. खरंच फळी लागलेली होती.

आजपासून मी मागे. दहा पावलं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात. आमच्या धंद्यात पुढच्याला ठेच लागते आणि मागच्याला हाताची घडी घालून बघत बसावं लागतं. तेच सगळ्यात अवघड शिकणं आहे, आणि ते मला येतं.

१३ जानेवारी

औषधवाल्याने आज मला धरलं. दोन दिवस बघतोय म्हणाला, ही न दिसणारी पोर पुढे आणि तुम्ही मागे मागे, प्रकार काय आहे. चार गिऱ्हाइकं जमली. मी ओळखपत्र काढलं, तर ते त्याने औषधाच्या चिठ्ठीसारखं उलटसुलट करून वाचलं. शेवटी फौजदारच परत आली आणि म्हणाली, ते माझे सर आहेत, सोडा त्यांना. मास्तरला शिष्येने सोडवलं.

१५ जानेवारी

आता उलटी पीडा. औषधवाल्याला माया आलीय. ती दाराशी आली की आतून ओरडतो, “वळ गं बाळ, डावीकडे.” सुतारही तसाच, रंधा थांबवून “सरळ, सरळ” करतो. मी दोघांनाही चांगलं झापलं. म्हणालो, तुमच्या मदतीने ती पांगळी होईल. तुम्ही नसाल त्या दिवशी कुणाच्या आवाजावर वळणार ती? दोघांनी कान पकडले. लोकांना दया करायला फार आवडतं, त्यात कष्ट नसतात.

२० जानेवारी

आज अप्रतिम. गार हवा लागली, क्षणभर थबकली आणि काटकोनात डावीकडे. छोटा रस्ता ऐकून ओलांडला. फाटकाच्या कडीवर हात ठेवला तेव्हा साडेअठरा मिनिटं झाली होती. मी एक शब्द बोललो नाही.

माझ्या उजव्या गुडघ्याने मात्र सगळी वाट कटकट लावली होती. थंडीत तो जास्त वाजतो, विशेषतः चालता चालता थांबलो की. शाळेच्या फाटकाशी फौजदार म्हणाली, “सर, डॉक्टरकडे जा. आज फार वाजतोय.” स्वतःची आई एक आणि सर एक, दोघांची काळजी हिलाच. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मी सहा महिने सांगतेय तेव्हा नाही ऐकलंत.

२२ जानेवारी

सलग तिसरा दिवस बिनचूक. आमच्या धंद्यात एक नियम आहे. शेवटची चाचणी नेहमीच्या शिक्षकाने घ्यायची नाही. दुसऱ्या कुणीतरी, मुलाला न कळवता, लांबून बघायचं. संस्थेतल्या धाकट्या बाई विचारत होत्या, कधी येऊ. मी म्हणालो, घाई कशाला, अजून पक्कं होऊ दे. त्यांना येऊन दोन वर्षं झालीत आणि त्या मला नियम सांगतात.

खरं सांगायचं तर आवारातल्या मुलांची अशी चाचणी मी कधी घेतलीच नाही. तिथे सगळ्यांना सगळं दिसतंच.

२७ जानेवारी

गडबड झाली. औषधवाल्याच्या बाजूचा फुटपाथ नळासाठी खणलाय. तिच्यापुरती वाट ठेवली होती, पण मी समोरच्या फुटपाथवरून चाललो. फौजदार काचेच्या दारापाशी आली, थांबली आणि थांबलीच. मग सरळ निघाली. मी धावत जाऊन अडवली. पहिल्यांदाच तिच्या कपाळावर घाम बघितला.

यंत्राचा आवाज एवढा होता की कुठलीच खूण पोचली नसणार. बायकोला सांगितलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण खरोखरच वाकडं आहे, चार फूट खोल खणलंय.

१ फेब्रुवारी

फुटपाथ बुजवला. मी परत तिच्या मागे. परत बिनचूक. म्हणजे आवाजाचंच कारण होतं.

५ फेब्रुवारी

आई मला दारात भेटली. इस्त्रीने भाजलेल्या बोटाला पट्टी होती. विचारलं, “सर, जाईल ना एकटी?” मी म्हणालो, जाईल काय, जातेच आहे. तिने वसतिगृहाचा अर्ज फडताळात वरच्या खणात टाकून दिल्याचं सांगितलं. मामा रागावले म्हणे. रागावू देत.

धाकट्या बाईंना नऊ तारीख दिली.

९ फेब्रुवारी

लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

ठरल्याप्रमाणे फौजदारला सांगितलं की मी मागे आहे. आणि मी शाळेच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. मागे धाकट्या बाई होत्या, वीस पावलांवर, रबरी तळाच्या बुटांत. आई उशिरा येण्याची परवानगी काढून फाटकाशी आली होती. लेकीला एकटी येताना बघायचं होतं तिला.

पावणेदहा झाले. दहाला पाच कमी झाले. आई भिंतीच्या टोकाकडे बघत होती. शाळेची घंटा झाली, शिपायाने फाटक अर्धं लावलं. मी म्हणालो, येईल, कुठेतरी काठी अडकली असेल. 

दहा वाजून दहा मिनिटांनी धाकट्या बाई तिला मनगटाला धरून घेऊन आल्या. फौजदारच्या एका पायात चप्पल नव्हती. बाईंच्या हनुवटीवर काठीचा वळ उठला होता. अनोळखी हाताने मागून धरलं म्हणून तिने मारली होती, आणि मी तिला तेच शिकवलंय.

काय घडलं ते बाईंनी नंतर सांगितलं. सुतारापर्यंत ठीक होती. औषधाच्या दुकानाशी गार हवा लागली, तशी थांबली. सात मिनिटं उभी होती. दुकानदार आत तोंडावर हात धरून उभा, कारण मी त्याला दम भरलेला. मग ती हळूच म्हणाली, “सर?” थोड्या वेळाने परत, “सर, वळायचं का?” उत्तर आलं नाही तेव्हा सरळ चालू लागली. बाईंनी तिला हमरस्त्याच्या कडेला धरलं. एक पाय खाली उतरला होता.

१० फेब्रुवारी

तिला विचारलं. न रागावता विचारलं, हे मी शपथेवर लिहितो. म्हटलं, गार हवा लागली, मग वळली का नाहीस?

ती म्हणाली, “तुम्ही थांबला नाहीत म्हणून.”

मला कळेना. तिने समजावून सांगितलं, एखाद्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं. वळण जवळ आलं की मी पाऊल आवरतो. थांबलो की गुडघा वाजतो. तो वाजला की ती वळते. छोट्या रस्त्याशी मी श्वास धरतो, आणि गाडी गेली की सोडतो, तो सोडला की ती ओलांडते. फाटकाशी मी चाल वाढवतो. गार हवा, लाकडाचा वास, सगळं तिला माहीत आहे, पण त्याचा काय उपयोग करायचा ते माहीत नाही.

“तुम्ही बोलायचं नाही म्हणाला होतात ना,” ती म्हणाली, “मला वाटलं, असंच शिकवतात.”

चार आठवडे मी तिच्या मागे राहूनच तिला माझ्या मागे-मागे चालवत होतो.

११ फेब्रुवारी

सुताराकडे गेलो, उगीच. त्याला सगळं कळलेलं होतं. फळीवरची धूळ फुंकून म्हणाला, “आम्ही निदान तोंडाने सांगत होतो, सर.”

१२ फेब्रुवारी

आज संस्थेतून जुन्या मुलांना फोन केले. त्यांनी कारण विचारलं तर काय सांगू? एकच गोष्ट काल रात्रीपासून डोक्यात होती. आवारातही मीच मागे असायचो, आणि चाचणी कधी झाली नाही.

तिघे सापडले. टेलिफोनवाला खूश झाला, माझा आवाज लगेच ओळखला. मी विचारलं, कचेरीत एकटा जातोस ना? तो म्हणाला, “छे हो सर, भाऊ सोडतो. बाहेर काही मला जमलं नाही. पण संस्थेत मजा यायची.” दुसरी लग्न होऊन घरात असते. तिसऱ्याने आधी सांगितलं की जातो, मग म्हणाला, म्हणजे फाटकापर्यंत.

एकोणीस वर्षांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं नाही असं लिहिलं होतं, ते खोडलं. सुचलं होतं.

१६ फेब्रुवारी

नव्याने सुरुवात केली. गुडघ्याला घट्ट पट्टा, पायात बायकोने आणलेले कापडी बूट. तीस पावलं मागे. तरी ती दर चार पावलांना मान तिरकी करते. हवेत मला शोधते. निघतानाच तिला म्हटलं होतं, गार हवा आली की तूच ठरव. तिने ठरवलं, पण उजवीकडे. आधी जे येत होतं तेही गेलं. पूर्वी सुतार दहा हातांवरून ओळखायची, आज त्याच्या दारात आदळली.

तिला आता कशाचीच खात्री नाही, आणि ती शिकवण माझीच.

१८ फेब्रुवारी

धाकट्या बाई शिकवायला उतरल्या. त्या चांगल्या शिकवतात, माझ्यापेक्षा चांगल्या, हे लिहून टाकतो. दोन तासांनी म्हणाल्या, सर, चार महिने द्या, नक्की करते. तिच्या डोक्यातून आधी तुमची सवय काढायची, मग नवीन घालायची.

आपल्याकडे दहा दिवस आहेत.

१९ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या धुलाईघराच्या मुकादमाकडे गेलो. चार महिने पाळी बदलू नका म्हणालो. तो भला माणूस आहे, पाणी दिलं. म्हणाला, बत्तीस बायका आहेत, प्रत्येकीच्या घरी काही ना काही आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनीही हात वर केले. सकाळी तिला आणायला शिपाई पाठवता येणार नाही, उद्या सगळेच मागतील.

मग आमच्या संचालकांना म्हणालो, मीच रोज सोडतो. ते म्हणाले, तुम्ही शिकवायला आहात की पोचवायला? त्या वेळी संस्थेत अकरा मुलं तुमची वाट बघत असतात. बरोबर आहे. अकरा मुलं, माझ्या गुडघ्याची वाट बघत.

तरीही आईला विचारलं. म्हटलं, कुणाला न सांगता येईन, संस्थेत उशिरा पोचेन.  ती म्हणाली, “आणि तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी, सर?”

२३ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. ‘एकटीने जाण्यास सक्षम नाही.’ कारणाच्या रकान्यात ‘प्रशिक्षकाची चूक’ लिहिलं. संचालकांनी तो रकाना मोकळा ठेवून परत टाइप करायला सांगितलं, म्हणाले, अशाने संस्थेचं बाहेरचं कामच बंद पडेल, मग पुढच्या मुलांचं काय. मी ते ऐकलं. सही केली.

आईने स्टुलावर चढून फडताळातला अर्ज काढला. मला म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्यासाठी चहा ठेवला. मी तिचं काय केलंय ते तिला कळत नाही की कळूनही ती चहा ठेवते, हे मला ठरवता आलं नाही. कप मीच विसळून ठेवला.

२५ फेब्रुवारी

वसतिगृहाच्या बाईंशी फोनवर बोललो. तिथे चालणं कोण शिकवतं, असं विचारलं. त्या अगदी आपुलकीने म्हणाल्या, “तुम्ही मुळीच काळजी करू नका. आमच्याकडे मुलांना बाहेर जावंच लागत नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत जेवायला जातात, छान सवय लागते.” काठी आणली तरी चालेल, कपाटात ठेवू, असंही म्हणाल्या.

धाकट्या बाईंनी त्या वसतिगृहाला पत्र लिहायचं ठरवलंय. त्या तरुण आहेत.

२६ फेब्रुवारी

आईने सांगितलं, फौजदार दोन दिवस जेवलेली नाही. आपण नापास झालो म्हणून हाकलतायत, असं ती धरून बसलीय. हुकूम सोडायचं बंद झालंय, घर कसं भकास वाटतं म्हणाली. तुम्ही तिच्याशी बोला. मी म्हणालो, निरोपाच्या वेळी बोलतो. आजच जायला हवं होतं. गेलो नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी सातला बसस्थानकावर गेलो. मामा पोचवायला निघाले होते, आईला उद्याच पहिली पाळी. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी. फौजदारच्या वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ठरवून आलो होतो, तसं सगळं सांगितलं. म्हणालो, तू नापास नाही झालीस. मी तुला चुकीचं शिकवलं. तुझ्या मागे चालताना मी खुणा देत होतो आणि ते मला कळलं नाही. दुसऱ्या बाईंना आधीच बोलवायला हवं होतं, मी माझ्या तोऱ्यात बोलावलं नाही. मी जे शिकवलं ते तू बरोब्बर शिकलीस. चूक सगळी माझी.

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला हलकं वाटेल. निदान मला तरी वाटेल.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “चूक तुमची आहे, हे सगळ्यांना माहीत आहे?”

मी हो म्हणालो.

“मग मी का जायचं?”

मामा म्हणाले, असं विचारू नये सरांना. आईने तोंड फिरवलं. फौजदारने कुणाकडे लक्ष दिलं नाही. उत्तर येईल म्हणून ती थांबली, मान जराशी तिरकी करून. गाडीवाल्याने भोंगा दिला तरी थांबली. मग हात पुढे करून मामांचा दंड चाचपला आणि त्यांच्या मागून पायऱ्या चढून गेली. पेटी वर टाकायची राहिली होती, ती मी टाकली.